आधी बैठक, मग दुर्बीण: हौशी खगोल छायाचित्रणाची परवडणारी साधने

मानवी डोळ्याला प्रकाश साठवता येत नाही. दृष्टिपटलावर पडलेला प्रकाश सेकंदाच्या अंशात वापरला जातो आणि त्याची जागा पुढचा प्रकाश घेतो, त्यामुळे अंधाराला सरावलेल्या डोळ्याने एखाद्या मंद तेजोमेघाकडे तासभर पाहिले, तरी तो अधिक उजळ होत नाही. कॅमेऱ्यातील सेन्सर, म्हणजे प्रकाशाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारी पट्टी, मात्र जितका वेळ उघडी ठेवावी तितका वेळ प्रकाश गोळा करत राहते आणि म्हणूनच डोळ्याला कधीही न दिसणारे रंग व आकार छायाचित्रात उमटतात. ही किमया प्रथम साधणारी माणसे हौशीच होती. पेशाने डॉक्टर असलेल्या हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी न्यूयॉर्कजवळच्या आपल्या वेधशाळेतून मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले आणि त्यासाठी ११ इंची दुर्बीण ५१ मिनिटे त्या तेजोमेघावर रोखून धरली. तीन वर्षांनी इंग्लंडमध्ये अँड्र्यू कॉमन या स्वच्छता अभियंत्याने आपल्या घरच्या बागेतील ३६ इंची दुर्बिणीने त्याच तेजोमेघाचे असे छायाचित्र घेतले, की त्यात दुर्बिणीतून पाहणाऱ्या डोळ्याला न दिसणारे तारेही उमटले.

ड्रेपर यांच्या काचेवरील रासायनिक लेपापेक्षा आजच्या जुन्या बाजारातील डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर कितीतरी अधिक प्रकाश टिपतो, त्यामुळे प्रकाश पकडण्याचा प्रश्न आता स्वस्तात सुटला आहे. सुटलेला नाही तो ५१ मिनिटांचा प्रश्न. आकाश सतत फिरत असताना त्याच्या बरोबरीने, एका ताऱ्याच्या ठिपक्याचीही लांबट रेघ होऊ न देता, साधने फिरवत ठेवणे हे आजही या छंदातील सर्वांत अवघड काम आहे आणि नवख्या माणसाचा पैसा नेमका तेथेच कमी पडतो. मोठी दुर्बीण घ्यायची, तिच्यासोबत आलेल्या हलक्या तिपाईवर ती बसवायची आणि वर उरलेल्या पैशांतून कॅमेरा जोडायचा, असा खरेदीचा क्रम सहसा लावला जातो. परवडणाऱ्या खर्चात चांगले छायाचित्र हवे असेल, तर हा क्रम उलटा करावा लागतो: आधी बैठक, मग भिंग व कॅमेरा, आणि सर्वांत शेवटी मोठी दुर्बीण.

लक्ष्य ठरवल्याशिवाय खरेदी नको

आकाशातील वस्तूंचे आकार कोनांत मोजतात. एका अंशाच्या ६० कला आणि एका कलेच्या ६० विकला होतात. पौर्णिमेचा चंद्र सुमारे अर्धा अंश, म्हणजे ३० कला, व्यापतो. देवयानी दीर्घिका आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर असूनही आकाशात तीन अंशांपर्यंत पसरलेली आहे, म्हणजे सहा चंद्र ओळीने मांडावेत तेवढी. मृगातील तेजोमेघ सुमारे एक अंशाचा आहे आणि कृत्तिकांचा गुच्छ त्याहून मोठा आहे. याउलट गुरू पृथ्वीच्या जवळ आला असतानाही ५० विकलांच्या आतबाहेरच असतो. थोडक्यात, दूरची मंद वस्तू आकाराने लहानच असणार आणि ती टिपण्यासाठी प्रचंड वर्धनाची दुर्बीण लागणार, हा समज चुकीचा आहे. अनेक प्रसिद्ध तेजोमेघ व दीर्घिका आकाराने मोठ्या पण उजेडाने मंद आहेत, तर ग्रह आकाराने इवलेसे पण उजेडाने प्रखर आहेत. पहिल्या गटाला दीर्घ वेळ व स्थिर बैठक लागते, दुसऱ्या गटाला मोठा आरसा व वेगवान कॅमेरा लागतो. एकाच स्वस्त संचाने दोन्ही कामे उत्तम होत नाहीत, म्हणून पहिली निवड साधनाची नसून लक्ष्याची असते.

आकाश फिरते तेव्हा

पृथ्वी स्वतःभोवती २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी पूर्ण करते, त्यामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकतो. हे सरकणे छायाचित्रात किती दिसेल, ते भिंगाच्या नाभीय अंतरावर अवलंबून असते. नाभीय अंतर, ज्याला छायाचित्रकार फोकल लेंथ म्हणतात, हे भिंग दूरच्या वस्तूची प्रतिमा आपल्यापासून किती अंतरावर उमटवते त्याचे माप होय. ते जितके जास्त, तितकी प्रतिमा मोठी आणि टिपले जाणारे आकाश लहान. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घेऊन त्याला २०६ ने गुणावे आणि मिलिमीटरमधील नाभीय अंतराने भागावे, म्हणजे एका पिक्सेलवर आकाशातील किती विकला पडतात ते कळते. चार मायक्रॉनच्या पिक्सेलचा कॅमेरा आणि ५० मिलिमीटरचे भिंग यांच्यासाठी हे उत्तर सुमारे साडेसोळा विकला येते, म्हणजे स्थिर तिपाईवरही तारा एक पिक्सेल सरकायला सेकंदाहून थोडा अधिक वेळ घेतो आणि दोन-तीन सेकंदांचे छायाचित्र चालून जाते. त्याच कॅमेऱ्याला ४०० मिलिमीटरची दुर्बीण जोडली, की एका पिक्सेलवर दोनच विकला पडतात आणि तारा सेकंदाच्या सातव्या हिश्शातच एक पिक्सेल ओलांडतो. दुर्बीण जोडताच बैठकीची गरज आठपट कडक होते, ती अशी.

आकाशाच्या या फिरण्याला साथ देणाऱ्या बैठकीला विषुववृत्तीय माउंट म्हणतात. तिचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाशी समांतर, म्हणजे खगोलीय ध्रुवाकडे रोखलेला असतो आणि त्या एकाच अक्षाभोवती मोटर संथपणे फिरली, की तारे कॅमेऱ्यात जागच्या जागी राहतात. नुसती वरखाली व डावीउजवीकडे फिरणारी साधी बैठक मोटरने ताऱ्याचा पाठलाग करू शकते, पण दीर्घ छायाचित्रात चौकटीच्या कडेचे तारे हळूहळू गोल फिरल्यासारखे दिसतात, म्हणून ती कमी सेकंदांच्या छायाचित्रांपुरतीच कामाची असते. विषुववृत्तीय बैठकीचा सर्वांत हलका प्रकार म्हणजे ट्रॅकर. स्काय-वॉचर कंपनीचा स्टार अ‍ॅडव्हेंचरर किंवा आयऑप्ट्रॉनचा स्कायगायडर प्रो हे सुमारे पाच किलो वजन पेलण्यासाठी बनवलेले ट्रॅकर कॅमेरा व २०० मिलिमीटरपर्यंतच्या भिंगासाठी पुरेसे आहेत. दुर्बीण जोडायची असेल, तर त्यापुढच्या, मोटर व संगणक-जोडणी असलेल्या बैठकी लागतात. कंपनीने सांगितलेली भारक्षमता ही नजरेने पाहण्यासाठी असते, असे धरून छायाचित्रणासाठी तिचा अर्धा ते दोनतृतीयांश भागच वापरावा, हा अनुभवी लोकांचा नियम आहे. कारण वाऱ्याची झुळूक आणि दातेरी चाकांतील बारीक चुका यांचा परिणाम वजनासोबत वाढतो.

महाराष्ट्र व गोव्यातील निरीक्षकाला आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची त्या ठिकाणच्या अक्षांशाएवढी असते, म्हणजे पुण्यात सुमारे साडेअठरा, नागपुरात २१ आणि पणजीत अवघी साडेपंधरा अंश. सह्याद्रीच्या खोऱ्यात, इमारतींच्या गर्दीत किंवा क्षितिजालगतच्या धुरकटात तो सहज हरवतो आणि काही बैठकींचा अक्ष इतका खाली झुकवताना तिपाईचा पाय किंवा स्क्रू आडवा येतो. म्हणून बैठक घेताना ती १५ अंशांपर्यंत झुकते का, हे विचारून घ्यावे. याच अक्षांशाचा मोठा लाभही आहे. धनू व वृश्चिक राशींतील तेजोमेघ येथून आकाशात बरेच उंच येतात आणि युरोपातील बहुतेक छंदिष्टांना कधीच न दिसणारा नरतुरंगातील ओमेगा सेंटॉरी हा भव्य तारकागुच्छ पुण्याच्या क्षितिजावर २४ अंशांपर्यंत चढतो.

दोन फळ्या आणि एक बोल्ट

ट्रॅकरही विकत घेण्याची ऐपत नसेल, तर तो घरी बनवता येतो. स्कॉटलंडमधील जॉर्ज हेग यांनी १९७५ च्या सुमारास सुचवलेल्या या युक्तीत दोन फळ्या एका टोकाला बिजागरीने जोडलेल्या असतात आणि त्यांच्या मधून जाणारा बोल्ट फिरवला, की वरची फळी दार उघडावे तशी हळूहळू उघडते. कॅमेरा वरच्या फळीवर बसवलेला असतो आणि बिजागरीची दांडी ध्रुवाकडे रोखलेली असते. सारे गणित बिजागरी व बोल्ट यांच्यातील अंतरात आहे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या सहा मिलिमीटर जाडीच्या नेहमीच्या बोल्टचे आटे एकमेकांपासून एक मिलिमीटरवर असतात, म्हणजे एका फेऱ्यात तो एक मिलिमीटर पुढे सरकतो. हा बोल्ट मिनिटाला एक फेरा या गतीने फिरवायचा असेल, तर तो बिजागरीच्या दांडीच्या मध्यापासून २२८.६ मिलिमीटरवर बसवावा लागतो. मग फळी नेमक्या आकाशाच्या गतीने उघडते. मोटरची गरज नाही. घड्याळाच्या सेकंदकाट्याबरोबर बोल्ट हाताने सावकाश फिरवत राहिले तरी चालते.

भोक पाडताना सुताराच्या हातून एक मिलिमीटरची चूक झाली, तर गतीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरक पडतो आणि मिनिटभरात तारा सुमारे चार विकला हुकतो. ५० मिलिमीटरच्या भिंगासाठी एक पिक्सेल साडेसोळा विकलांचा असल्याने ही चूक छायाचित्रात दिसतच नाही. ४०० मिलिमीटरच्या दुर्बिणीत मात्र तीच चूक दोन पिक्सेलांची रेघ होऊन दिसते. ध्रुवाच्या बाबतीतही असेच घडते. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून थोडा अधिक दूर आहे, तरी बिजागरीला चिकटवलेल्या पेनाच्या रिकाम्या नळीतून नुसता ध्रुवतारा साधला, तर लहान भिंगाला तेवढे पुरते. दुर्बिणीला मात्र बैठकीतील ध्रुवदर्शकाने किंवा संगणक-प्रणालीने अचूक जुळणी करावी लागते. लहान नाभीय अंतर माणसाच्या व साधनाच्या चुका पोटात घालते, हा या छंदातील काटकसरीचा पाया आहे.

दुर्बीण: लहान असण्याचे मोल

दुर्बिणीचे दोन आकडे पाहावेत: पुढच्या भिंगाचा किंवा आरशाचा व्यास आणि नाभीय अंतर. नाभीय अंतराला व्यासाने भागले, की एफ-अंक मिळतो. ४०० मिलिमीटर नाभीय अंतर व ८० मिलिमीटर व्यास असेल, तर दुर्बीण एफ/५ ची झाली. तेजोमेघासारख्या पसरट वस्तूसाठी एफ/५ च्या दुर्बिणीत प्रत्येक पिक्सेलवर एफ/१० च्या दुर्बिणीच्या चौपट प्रकाश पडतो, म्हणजे तासाभराचे काम पंधरा मिनिटांत होते. वर्धनाचा आकडा छायाचित्रणात निरर्थक असतो आणि जेथे ७० मिलिमीटरच्या दुर्बिणीच्या खोक्यावर ५०० पटींचे वर्धन छापलेले असते, तेथून पाय मागे घ्यावा, कारण एक मिलिमीटर व्यासाला सुमारे दोन पट या हिशेबाने तिची मर्यादा १४० पटींवरच संपते.

स्वस्त भिंगाच्या दुर्बिणीत निळा, हिरवा व लाल प्रकाश एकाच बिंदूवर जुळत नाही आणि तेजस्वी ताऱ्यांभोवती जांभळे वलय दिसते. ईडी या नावाने ओळखली जाणारी, रंग कमी फाकवणारी काच वापरलेल्या ६० ते ८० मिलिमीटरच्या लहान दुर्बिणी हा दोष बराच कमी करतात. सुमारे ४०० मिलिमीटर नाभीय अंतर आणि नेहमीच्या डीएसएलआरचा सुमारे २४ बाय १६ मिलिमीटरचा सेन्सर यांच्या जोडीत आकाशाचा जवळजवळ साडेतीन बाय सव्वादोन अंशांचा तुकडा सामावतो. देवयानी दीर्घिका त्यात अगदी नीट बसते. अशा दुर्बिणीसोबत चौकटीच्या कडेचे तारे गोल ठेवणारे फ्लॅटनर नावाचे जोडभिंग लागते आणि त्याची किंमत सुरुवातीलाच हिशेबात धरावी. कमी पैशांत अधिक व्यास हवा असेल, तर छायाचित्रणासाठी बनवलेली १३० मिलिमीटर व्यासाची एफ/५ आरशाची दुर्बीण चांगली पडते. मात्र नजरेने पाहण्यासाठी बनवलेल्या अनेक आरशाच्या दुर्बिणींत कॅमेरा नळीच्या इतका आत सरकवता येत नाही, की प्रतिमा सेन्सरवर स्पष्ट उमटेल, ही अडचण खरेदीपूर्वीच तपासावी.

अनेकांकडे आधीच असलेले साधन येथे विसरले जाते. कॅमेऱ्याचे ५० किंवा १३५ मिलिमीटरचे भिंग हीसुद्धा एक उत्तम, जलद दुर्बीण आहे. एफ/१.८ च्या भिंगाचे छिद्र एफ/४ पर्यंत बारीक केले, की कडेच्या ताऱ्यांचे पंख फुटल्यासारखे आकार नाहीसे होतात. मृग नक्षत्राचा मोठा भाग, धनू राशीतील आकाशगंगेचा गाभा आणि वृश्चिकेतील ज्येष्ठा ताऱ्याभोवतीचे रंगीत ढग हे विषय अशाच भिंगांचे आहेत. सूर्याचे छायाचित्र घ्यायचे असेल, तर प्रमाणित सौर गाळणी भिंगाच्या किंवा दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावरच घट्ट बसवली पाहिजे. नेत्रभिंगाला लावायच्या गाळण्या उष्णतेने तडकू शकतात आणि क्षणार्धात डोळा जातो.

कॅमेरा: नवा असण्याची गरज नाही

वापरलेला डीएसएलआर हा आजही पैशाच्या मानाने सर्वाधिक देणारा कॅमेरा आहे. त्यात तीन गोष्टी हव्यात: हवा तितका वेळ शटर उघडे ठेवण्याची बल्ब सोय, प्रकाशाची मूळ नोंद जशीच्या तशी ठेवणारी रॉ फाइल आणि पडद्यावर ताऱ्याला मोठा करून पाहता येणारी लाइव्ह व्ह्यू सोय. वापरलेला कॅमेरा घेताना शटर किती वेळा उघडले आहे ते विचारावे, भिंगाचे झाकण लावून काही मिनिटांचे छायाचित्र घ्यावे आणि त्यात ठरावीक जागी किती चमकते ठिपके येतात ते पाहावे. त्याचबरोबर भिंगामागून टॉर्चचा प्रकाश टाकून आत बुरशीचे जाळे नाही ना, याची खात्री करावी, कारण कोकणासारख्या दमट हवेत राहिलेल्या भिंगांत ती हमखास आढळते.

डीएसएलआरची एक उणीव समजून घ्यावी. अवकाशातील हायड्रोजन ६५६ नॅनोमीटर तरंगलांबीचा गडद लाल प्रकाश देतो, तर रोजच्या छायाचित्रांतील रंग नैसर्गिक दिसावेत म्हणून कंपनीने सेन्सरपुढे लावलेली गाळणी त्यातील बहुतांश प्रकाश अडवते. म्हणून साध्या कॅमेऱ्यात दीर्घिका व तारकागुच्छ उत्तम येतात, लाल तेजोमेघ मात्र फिके उमटतात. ती गाळणी बदलून घेता येते. पण दीर्घिका व गुच्छ टिपून होईपर्यंत तो खर्च टाळावा. दुसरी उणीव उष्णतेची आहे. सेन्सरमधील अनाहूत विद्युतप्रवाह दर सहा-सात अंश सेल्सिअसला साधारण दुप्पट होतो, म्हणून विदर्भातील मे महिन्याच्या रात्रीचे छायाचित्र डिसेंबरच्या रात्रीपेक्षा बरेच दाणेदार येते. खगोल छायाचित्रणाचे शीतकरण असलेले कॅमेरे ही अडचण दूर करतात, पण त्यांना संगणक व वेगळी वीज लागते. त्यामुळे ती पुढची पायरी आहे.

गेल्या काही वर्षांत दुर्बीण, कॅमेरा, मोटर आणि संगणक एकाच डब्यात असलेली स्मार्ट दुर्बीण बाजारात आली आहे. २०२३ मध्ये आलेल्या झेडडब्ल्यूओ कंपनीच्या सीस्टार एस५० मध्ये ५० मिलिमीटर व्यासाचे व २५० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग आहे, वजन अडीच किलो आहे आणि मोबाइलवर लक्ष्य निवडले, की ती स्वतः ते शोधते, छायाचित्रे घेते आणि एकमेकांवर रचत जाते. तिची चौकट सुमारे १.३ बाय ०.७ अंशांची असल्याने देवयानी दीर्घिका एका चौकटीत मावत नाही, पण मृगातील तेजोमेघाचा बहुतेक भाग, गोलाकार गुच्छ आणि लहान दीर्घिका तिच्यात छान बसतात. शाळा, शहरी गच्ची आणि वेळ कमी असलेले कुटुंब यांच्यासाठी ही खरोखर किफायतशीर निवड आहे. मात्र ज्याला पुढे एकेक भाग बदलत संच वाढवायचा आहे, त्याला बैठक व डीएसएलआर हीच वाट सोयीची पडते.

ग्रहांची वेगळी वाट

ग्रहांसाठी वरील सारा हिशेब बदलतो. ४०० मिलिमीटरच्या दुर्बिणीत गुरूची थाळी सुमारे २२ पिक्सेलांची उमटते. १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या आरशाच्या दुर्बिणीला नाभीय अंतर दुप्पट करणारे बार्लो भिंग आणि पावणेचार मायक्रॉन पिक्सेलचा ग्रहकॅमेरा जोडला, तर ती १४० पिक्सेलांची होते आणि पट्टे दिसू लागतात. ग्रह प्रखर असल्याने येथे दीर्घ वेळ लागत नाही. उलट हवेच्या थरांतील खळबळीमुळे प्रतिमा सतत थरथरते, म्हणून हजारो चौकटींची चित्रफीत घेऊन त्यांतील सर्वांत स्थिर थोड्या टक्के चौकटी संगणकाने निवडून एकत्र केल्या जातात. गुरू दहा तासांच्या आतच स्वतःभोवती फिरत असल्याने ही चित्रफीत दोन-तीन मिनिटांपेक्षा लांबवू नये. लाकडी खोक्यासारख्या साध्या बैठकीवर बसणारी, जॉन डॉब्सन यांच्या नावाने ओळखली जाणारी सहा ते आठ इंची आरशाची दुर्बीण यासाठी सर्वांत स्वस्त साधन होय. ग्रह चौकटीतून सरकत जाताना हाताने पुन्हा मध्ये आणत राहिले, तरी काम भागते. चंद्रासाठी तर मोबाइल नेत्रभिंगाला धरून ठेवणारी पकडही पुरते.

किरकोळ वाटणाऱ्या वस्तू

ताऱ्यावर अचूक फोकस करणे हे दिसते तितके सोपे नाही, कारण ताऱ्याचा ठिपका डोळ्याला बराच वेळ स्पष्टच वाटत राहतो. रशियातील पावेल बाहतिनोव्ह यांनी २००५ मध्ये तयार केलेला जाळीदार मुखवटा हा प्रश्न मिटवतो. तीन दिशांच्या फटी असलेली ही जाळी दुर्बिणीच्या तोंडावर ठेवली, की तेजस्वी ताऱ्यातून तीन किरणे फुटतात. दोन किरणांची फुली जागेवर राहते आणि तिसरा किरण फोकस फिरवताना एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकतो. तो फुलीच्या बरोबर मधून गेला, की फोकस अचूक झाला. ही जाळी जाड काळ्या कार्डबोर्डमधून धारदार पात्याने घरीही कापता येते आणि नव्या भिंगापेक्षाही चित्रात मोठा फरक पाडते.

हिवाळ्यात घाटमाथ्यावर मध्यरात्रीनंतर भिंगावर दव साचते, म्हणून मोबाइल चार्जरच्या विजेवर चालणारी उबदार पट्टी भिंगाभोवती गुंडाळावी. ठरावीक अंतराने शटर उघडणारे इंटरव्हॅलोमीटर, कॅमेऱ्याच्या दोन-तीन बॅटऱ्या आणि पावसाळ्यात भिंगे ठेवण्यासाठी सिलिका जेलच्या पुड्या टाकलेला हवाबंद डबा यांना पर्याय नाही. जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत आकाश झाकलेले असल्याने हा डबा वर्षातील चार महिने साधनांचे घर असतो.

वेळ आणि अंधार

एका छायाचित्रात संकेत व गोंगाट दोन्ही असतात. संकेत म्हणजे तेजोमेघाकडून आलेला प्रकाश आणि गोंगाट म्हणजे त्यातील अनियमित दाणे. अनेक छायाचित्रे एकमेकांवर रचली, की संकेत त्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो आणि गोंगाट फक्त वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून १६ छायाचित्रांचे एकत्रित चित्र चौपट स्वच्छ होते आणि १०० छायाचित्रांचे दहापट. एक मिनिटाची १०० छायाचित्रे घेण्यासाठी नवा कॅमेरा लागत नाही, धीर लागतो. ही रचना करणाऱ्या डीपस्कायस्टॅकर व सिरिल, ग्रहांसाठीची ऑटोस्टॅकर्ट, बैठकीची चूक सुधारत राहणारी पीएचडी२ आणि आकाशाचा नकाशा दाखवणारी स्टेलेरियम या संगणक-प्रणाली मोफत मिळतात. छायाचित्रांसोबत झाकण लावून घेतलेली काही गडद छायाचित्रे आणि एकसारख्या उजळ पडद्याची काही छायाचित्रे घेतली, तर सेन्सरचे तापलेले ठिपके व भिंगावरच्या धुळीचे डाग चित्रातून काढून टाकता येतात.

सर्वांत मोठा फरक मात्र आकाशाच्या अंधाराने पडतो. शहरातील आकाश निर्जन पठारावरील आकाशापेक्षा सुमारे साडेतीन प्रती (तेज मोजण्याच्या पायऱ्या) उजळ असते आणि प्रत्येक प्रत म्हणजे अडीचपट उजेड असल्याने हा फरक पंचवीसपटींचा होतो. मंद तेजोमेघाचे गावाकडे तासाभरात मिळणारे चित्र शहराच्या गच्चीवरून घेण्यासाठी साधारण पंचवीस तास लागतात. जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये मांडलेल्या नऊ पायऱ्यांच्या मोजपट्टीने आपले आकाश किती अंधारे आहे ते पाहता येते. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातील पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, पण घाटापलीकडचे कोणतेही दिवे नसलेले माळरानही पुष्कळ देते. नव्या दुर्बिणीवर खर्चायच्या पैशांचा अल्प भाग एसटीच्या तिकिटांवर खर्च केला, तर पंचवीसपट लाभ होतो, हा हिशेब प्रत्येक छंदिष्टाने एकदा तरी मांडून पाहावा. अशा सहलींना सोबतही मिळते: पुण्याची १९४४ साली स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आणि मुंबईचे खगोल मंडळ यांसारख्या संस्थांच्या आकाशदर्शनात इतरांची साधने प्रत्यक्ष हाताळायला मिळतात आणि खरेदीतील अर्ध्या चुका तेथेच टळतात.

उणीव दिसल्यावरच खरेदी

एकूण खर्चाचा निम्मा भाग बैठकीसाठी राखून उरलेल्यात भिंग, कॅमेरा व किरकोळ वस्तू बसवाव्यात. त्याआधी घरात असलेला कॅमेरा व ५० मिलिमीटरचे भिंग साध्या तिपाईवर लावून, हिवाळ्यातील एका अंधाऱ्या रात्री मृगाची दोन-तीन सेकंदांची शंभर छायाचित्रे घ्यावीत आणि ती मोफत प्रणालीने रचून पाहावीत. पुढे काय घ्यायचे, ते त्या चित्रातच दिसेल. तारे लांबट आले असतील, तर बैठक हवी. तारे गोल पण पिसारलेले असतील, तर फोकसची जाळी हवी. ताऱ्यांभोवती जांभळी वलये असतील, तर भिंग बदलायला हवे. तेजोमेघ फिका असेल, तर कॅमेऱ्याची गाळणी आड येते आहे. आणि सारे नीट असूनही चित्र दाणेदार असेल, तर काहीच विकत घेण्याची गरज नाही, फक्त आणखी एक अंधारी रात्र हवी. ड्रेपर यांच्या ५१ मिनिटांपासून आजच्या गच्चीपर्यंत या छंदाचा हा एक नियम टिकून आहे: साधनाने आकाशासोबत निमूट फिरावे आणि माणसाने त्याला पुरेसा वेळ द्यावा. ज्याच्या चित्रातले तारे गोल आले, त्याने मोठ्या दुर्बिणीचा विचार सुरू करावा. ती घेण्याची योग्य वेळ तेव्हाच आलेली असते.